काचेवरचा ठेका

त्या शनिवारी रोझविथाच्या हातात एकच कापडी पिशवी होती, आणि आपण घरी काहीतरी विसरून आलोय असं तिला सारखं वाटत होतं. पिशवीत लॅपटॉप, टॅब्लेट, एक जाड केबल आणि बटाट्याच्या सॅलडचा डबा. बस्स. तीस वर्षं ती बर्लिनच्या तळघरांतून, पडक्या कारखान्यांतून आणि गावोगावच्या हॉलांतून विजेवरचं संगीत वाजवत आली होती, आणि तीस वर्षं दोन पत्र्याच्या पेट्या तिच्या मागे लागलेल्या होत्या. आत नॉबच नॉब असलेली यंत्रं, आणि पेटी अशी, की उचलताना भल्याभल्यांच्या तोंडून शिव्या बाहेर पडाव्यात. गेल्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, की यापुढे बाजारची पिशवी उचलायची, त्याहून जड काही नाही. त्या दिवशी घरी येऊन ती त्याच पेट्यांवर बसून रडली होती. आज मात्र ट्रॅममधून उतरून, शहरातल्या लोकांनी भाड्यानं घेतलेल्या चिमुकल्या बागांच्या कॉलनीच्या फाटकापर्यंत चालत येईतो खांदा एकदाही कुरकुरला नाही, आणि तेवढ्यानंच तिला फार बरं वाटलं.

फाटकाशी होल्गर वाट बघत होता. दोघांच्या घटस्फोटाला वीस वर्षं झाली होती, पण लोबेडांक हे त्याचं आडनाव तिनं ठेवलं होतं आणि जोडीही काही फुटली नव्हती. ती वाजवायची, तो आवाज सांभाळायचा. संसारात मात्र दोघांचाही आवाज कुणी सांभाळला नाही, त्याला ते दोघे तरी काय करणार.

"पेट्या कुठायत?" होल्गरनं विचारलं.

"झालं विचारून? चल आत."

"एवढ्याशा पिशवीत मैफल? मला वाटलं सहलीला निघालीस."

"सहलच आहे. सॅलड आणलंय."

"रोझी, काच ती काच. नॉबवर बोट ठेवलं की डोळे मिटूनही कळतं आपण कुठे आहोत. काचेवर काय कळणार? सगळीकडून सारखीच गुळगुळीत, निवडणुकीतल्या उमेदवारासारखी."

ती हसली, पण पोटात तिच्याही तेच होतं. शहरातल्या एका जुन्या वीजघराचा आता मोठा हॉल झाला होता, आणि ऑक्टोबरात तिथे वाजवायला या असं तिला बोलावणं आलं होतं. होय की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. होल्गरला तिनं स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "आज बागवाल्यांच्या मेळाव्यात ही काच नीट चालली तर होय. हिनं दगा दिला तर नाही. आणि मग कायमचंच नाही. पेट्या उचलता येत नाहीत, काचेवर भरवसा ठेवता येत नाही, तर मग मी घरी बसून लोकरीचे मोजे विणते." होल्गरनं तिचे विणलेले मोजे एका हिवाळ्यात घातले होते. म्हणून तर तिनं वाजवतच राहावं असं त्यालाही मनापासून वाटत होतं.

भरवसा उडायला कारणही तसंच होतं. मार्चमध्ये लाइपझिगच्या एका हॉलमध्ये तिनं पहिल्यांदा हा टॅब्लेट घेऊन वाजवलं. आवाज सगळा लॅपटॉपमधून यायचा. टॅब्लेट म्हणजे नुसता हात. काचेवर पट्ट्या काढलेल्या, कुठली खर्जाची, कुठली ठेक्याची, बोटानं वर सरकवली की तो आवाज चढणार, खाली ओढली की उतरणार. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये वायफायवर सगळं झकास चाललं होतं. रात्री हॉल भरला, प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि त्या गर्दीत तिच्या टॅब्लेटचं आणि लॅपटॉपचं बोलणंच तुटलं. ती पट्ट्या ओढतेय, ढकलतेय, आणि लॅपटॉप आपला तेच एक आवर्तन घोळवत बसलाय. लोकांना वाटलं, वा, काय हिंमत आहे बाईची. डोळे मिटून नाचत होते. तेही निभलं असतं. पण मध्येच तुटलेलं बोलणं जुळलं, आणि जुळल्याजुळल्या त्या शहाण्या टॅब्लेटनं आपल्या सगळ्या पट्ट्या शून्यावर आहेत असं लॅपटॉपला ठणकावून सांगितलं. लॅपटॉपनं ते मुकाट्यानं ऐकलं. सगळा हॉल चिडीचूप. नाचता नाचता थांबलेल्या माणसांचे ते चेहरे तिला अजून स्वप्नात दिसायचे.

त्यानंतरचे महिने ती त्या काचेच्या मागे हात धुऊन लागली. वायफाय बंद, जाड केबल चालू. संदेश बंद, आपोआप झोपणं बंद. एकदा घरी रंगात येऊन चार बोटं एकदम टाकली, तर टॅब्लेटला वाटलं बाईंना दुसरं काही बघायचंय, आणि त्यानं तिच्या बहिणीच्या मांजराचे फोटो उघडून दिले. तीही सोय तिनं उपटून टाकली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिनं टॅब्लेटला एक रीत शिकवली. बोलणं तुटून परत जुळलं, की आल्याआल्या हुकूम सोडायचे नाहीत. आधी लॅपटॉपला विचारायचं, बाबा रे, कुठवर आलायस? तो सांगेल तिथे आपल्या पट्ट्या नेऊन ठेवायच्या, आणि मगच तोंड उघडायचं. बाहेरून घरी येणाऱ्या माणसानं कसं वागावं, तेच. होल्गरला हे कधी जमलं नव्हतं, पण ते असो. घरी तिनं हे शंभरदा करून पाहिलं होतं. फक्त चारचौघांत अजून एकदाही नाही.

सकाळी अक्रोडाच्या झाडाखाली गार सावलीत टेबल मांडलं गेलं. रोझविथानं त्यावर हौसेनं काळी मखमल अंथरली, वर टॅब्लेट ठेवला आणि लॅपटॉप टेबलाखालच्या खोक्यात बंद केला. वाजवून पाहिलं तर सगळं लोण्यासारखं. तेवढ्यात कुंपणापलीकडून कुबित्झा आले.

हे या बागांच्या मंडळाचे अध्यक्ष. शेजाऱ्याचं कुंपण ठरल्यापेक्षा बोटभर वाढलं तरी पट्टी घेऊन हजर होणारा माणूस. रोझविथाची चिमुकली बाग त्यांच्या बागेला लागूनच, आणि अकरा वर्षांत त्यांच्याकडून तिला तक्रारीशिवाय काही मिळालं नव्हतं. आज त्यांच्या गळ्यात आवाज मोजायचा मीटर लटकत होता.

"नमस्कार, फ्राउ लोबेडांक."

"नमस्कार, हेर कुबित्झा. आज तुम्हीही वाजवणार वाटतं?"

"मी मोजणार. मीटरवर ही लाल रेघ दिसतेय ना? आकडा एकदा जरी हिच्यापलीकडे गेला, तर मी प्लग काढणार. आधीच सांगून ठेवतो, मग म्हणू नका."

"आणि केक खाताना कुणी जोरात हसलं तर?"

"त्याचं बघू," कुबित्झा गंभीरपणे म्हणाले. त्यांना थट्टा कळली की नाही, हे अकरा वर्षांत कुणालाच उमगलं नव्हतं.

दुपारी एक ते तीन म्हणजे या बागांत शांततेची वेळ. गवत कापायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, मोठ्यानं शिंकायचं झालं तरी लोक आत जाऊन शिंकतात. कार्यक्रम तीनला, कॉफी आणि केकबरोबर. दोनच्या सुमारास होल्गरनं वर पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, की सावली हळूहळू निघून चाललीय. तो टेबल ओढायला उठला. लोखंडी पायांचा फरशीवर एकदा करकर आवाज झाला मात्र, कुबित्झा कुंपणावर उगवले.

"शांततेची वेळ, हेर लोबेडांक!"

"अहो, टेबल उन्हात येतंय."

"तीननंतर न्या कुठेही."

आणि होल्गरनं टेबल सोडून दिलं. तुमच्याआमच्यासारख्यानं चौघांना बोलावून ते अलगद उचललं असतं आणि वर कुबित्झांना चार शब्द सुनावले असते. पण बर्लिनचा माणूस दिवसभर सगळ्या जगावर करवादेल आणि नियमाची वेळ आली की निमूट बसेल. रोझविथानंही बाकावर बसून सॅलड खाल्लं आणि घड्याळ बघितलं. ऊन मात्र शांततेच्या वेळेत निवांत पुढे सरकलं आणि काळ्या मखमलीवर येऊन बसलं.

तीन वाजले. लोक एकदम आले, कॉफीच्या किटल्या आल्या, चेरीचे केक आले, पोरं गवतात शिरली. आता टेबल हलवायचं तर अर्ध्या कॉलनीला उठवावं लागलं असतं. रोझविथानं टॅब्लेटला बोट लावलं तर काच चांगलीच कोमट लागली. ती जरा चपापली, पण लोक तोंडाकडे बघत होते. तिनं सुरुवात केली.

आणि काय सांगावं, ते जमलं. आधी पानांच्या सळसळीत मिसळणारा एक बारीक सूर, मग त्याच्याखाली खर्ज, मग दुडक्या चालीचा ठेका. काचेवर तिची बोटं अशी चालत होती, की होल्गर आवाजाच्या मिक्सरमागून तोंड उघडं टाकून बघत राहिला. पेट्या असताना तिला एका टोकाच्या नॉबवरून दुसऱ्या टोकाला धावावं लागायचं. आता दहाही बोटं एका जागी. केक खाणाऱ्यांची डोकी हलायला लागली. कोपऱ्यातली एक जाडीशी आजी बशी खाली ठेवून उठली आणि मग एकेक करत सगळं गवत भरून गेलं. कुबित्झा कडेला उभे राहून मीटरकडे बघत होते. आकडा लाल रेघेच्या आतच होता. रोझविथाच्या छातीवरचं ओझं हळूहळू उतरलं. आपण उगाचच भीत होतो, असं तिला वाटायला लागलं.

मग तिनं तिची नेहमीची खेळी केली. ठेक्याची पट्टी हळूच खाली ओढली, मागून खर्जाची. उरला तो नुसता वरचा सूर, घिरट्या घालत. ही या संगीतातली जुनी लबाडी. ठेका काढून घ्यायचा, लोकांना अधांतरी लटकत ठेवायचं, आणि त्यांना सहन होईनासं झालं की ठेका परत धाडकन आणायचा. लोकांनी हात वर केले आणि वाट बघायला लागले. रोझविथानं मनात आवर्तनं मोजली, समेवर यायला बोट पट्टीवर ठेवलं, आणि काच काळी झाली.

काळ्या काचेवर एका तापमापकाचं छोटंसं चित्र, बस्स. टॅब्लेटला ताप चढला होता.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आवाज बंद झाला नव्हता. टेबलाखाली सावलीत लॅपटॉप बिचारा इमानानं तो एकटा सूर घोळवत होता. पण ठेका परत आणायचा हात गेला होता. सम येऊन गेली. दुसरी आली, तीही गेली. लोक हात वर करून उभेच. कुणीतरी आनंदानं ओरडलं, "रोझी, मारतेस की काय!" तिनं होल्गरकडे पाहिलं. होल्गरनं खांदे उडवले. मिक्सरवर त्याला आवाज कमीजास्त करता आला असता, पण नसलेला ठेका तो कुठून आणणार. खाली वाकून खोक्यातला लॅपटॉप काढावा, तर सगळ्यांना कळणार. लाइपझिगचे चेहरे एकेक करून तिच्या डोळ्यांपुढे यायला लागले. संपलं, ती मनात म्हणाली. ऑक्टोबर गेला, सगळंच गेलं, आता मोजे.

आणि गर्दीतून वाट काढत, गळ्यातला मीटर धरून, कुबित्झा सरळ तिच्याकडेच निघाले.

आता हा प्लग काढणार. तिनं डोळे मिटले.

"फ्राउ लोबेडांक," कुबित्झा तिच्या कानाशी म्हणाले, "आकडा एकदम पडलाय. तुम्ही एवढा वेळ पडू देत नाही. काही बिघडलंय का?"

तिनं डोळे उघडले. एवढ्या माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं, ते या एका मोजणाऱ्या माणसानं ओळखलं होतं.

"तापलाय," ती कशीबशी म्हणाली. "ऊन. काच तापलीय."

कुबित्झांनी काळ्या काचेकडे पाहिलं, काळ्या मखमलीकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे. दोन वाजताची ती करकर त्यांना आठवली असावी, कारण त्यांचे कान लाल झाले. ते केकच्या टेबलाकडे गेले. पळाले नाहीत, पण त्यांच्या मानानं ते पळणंच होतं. क्रीमचा केक ज्या थंड पेटीत ठेवला होता तिच्यातून त्यांनी बर्फाची निळी पिशवी काढली. बायको "अहो, माझा केक!" म्हणेपर्यंत ते परतही आले होते. पिशवी त्यांनी भांडी पुसायच्या फडक्यात नीट गुंडाळली.

"थेट लावायची नाही, पाणी सुटतं," ते म्हणाले. मग मखमल बाजूला सारून त्यांनी ती टॅब्लेटखाली सरकवली आणि स्वतः उन्हाच्या बाजूला रुंद पाठ करून उभे राहिले. टॅब्लेटवर कुबित्झांची सावली पडली.

सूर घिरट्या घालतच होता. लोकांचे हात खाली येत होते, परत वर जात होते. जाडी आजी जागच्या जागी उड्या मारत होती. सम येत होती, जात होती. रोझविथा काचेकडे बघत राहिली. काच परत येणं हे अर्धंच काम होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खरी भीती त्याच्या पुढच्या क्षणाची होती. लाइपझिगलाही तुटलेलं बोलणं परत जुळलंच होतं.

काच उजळली.

पट्ट्या सगळ्या खाली, शून्यावर. रोझविथानं श्वास रोखला. सूर थांबला नाही. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग वरच्या सुराची पट्टी कुणी न हलवता आपसूक वर चढली आणि नेमकी तिथे जाऊन थांबली जिथे ती मघाशी होती. तिच्यामागून त्याच सुराच्या घुमण्याची दुसरी. तिच्यामागून तिसरी. शिकवल्याप्रमाणे टॅब्लेटनं आधी विचारलं होतं आणि मग जागा घेतली होती. ठेका आणि खर्ज खालीच राहिले, तिनं ठेवले होते तिथे, तिची वाट बघत.

रोझविथाचा जीव भांड्यात पडला. तिला हसूही आलं आणि रडूही आलं. पुढची सम येऊ दिली आणि दोन बोटांनी दोन्ही पट्ट्या एकदम वर ढकलल्या.

गवतावर जे काही झालं ते सांगण्यासारखं नाही. लोक ओरडले, पोरं किंचाळली, आजीच्या पायातली चप्पल उडून कॉफीच्या टेबलाखाली गेली. कुबित्झा मात्र हलले नाहीत. शेवटपर्यंत ते उन्हाकडे पाठ करून तस्से उभे होते, फक्त त्यांचा उजवा बूट ठेक्याबरोबर वरखाली होत होता.

संपल्यावर लोक येऊन तिचे हात हातात घेत होते. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "काय लटकवलंस गं आम्हाला! एवढा वेळ कुणी ताणत नाही!" ती मान डोलवत राहिली. खरं सांगून कुणाचा आनंद कमी करायचा? गर्दी ओसरल्यावर ती होल्गरच्या शेजारी बाकावर धपकन बसली.

"गेली होती ती," ती म्हणाली. "तू पाहिलंस. मी म्हटलं होतं, दगा दिला तर नाही."

होल्गरनं सॅलडचा डबा ओढून घेतला. "दगा कसला? तुझ्या त्या सगळ्यात मोठ्या यंत्रावर एकदा कुणी बिअर सांडली होती, आठवतं? ते गेलं ते गेलंच. परत आलं का? आलं नाही. हिला ऊन लागलं, चक्कर आली, पाणी मारल्यावर उठली, आणि उठल्यावर आरडाओरडा केला नाही. आधी विचारलं. मी पाहिलं, पट्ट्या एकेक करून चढत होत्या." त्यानं एक घास घेतला. "माणसात एवढं नसतं, रोझी. माझ्यात नव्हतं."

वीस वर्षांत त्यानं हे कधी कबूल केलं नव्हतं. तिनं त्याच्या हातातला काटा घेऊन एक बटाटा खाल्ला.

"म्हणजे काच ती काच नाही?"

"काच ती काचच. पण वीजघरात ऊन येत नाही."

तिनं टॅब्लेट मांडीवर घेतला. तो अजून गार होता, खाली फडक्यातली पिशवी तशीच. केबल काढली, सकाळपासून तोडून ठेवलेलं नेट चालू केलं आणि वीजघरवाल्यांना एकच शब्द लिहिला, "येतेय." पाठवलाही. मग पाठ टेकून तिनं एक मोठा श्वास सोडला. खांदा दुखत नव्हता.

कुबित्झा आपल्या बायकोसाठी बर्फाची पिशवी परत न्यायला आले. उन्हानं त्यांची मान भाजून लाल झाली होती. रोझविथा आभार मानायला उठणार, तेवढ्यात त्यांनी मीटर तिच्यापुढे धरला. ती परत बसली. अकरा वर्षांची सवय, तिला वाटलं, आता आली तक्रार.

"पूर्ण वेळ रेघेच्या आत," कुबित्झा म्हणाले. "बराच आत." पिशवी घेऊन ते वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. मागे न बघता, कुंपणाला सांगावं तसं म्हणाले, "पुढच्या वर्षी थोडा वाढवला तरी चालेल."